इंजिन स्वॅप: मूळचा ईसीयू ठेवू की स्टँडअलोन घेऊ?

सहासिलिंडर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आहे, मागच्या चाकांना ड्राइव्ह. तिच्यात बीएमडब्ल्यूचं एम५० बसवतोय, अडीच लिटर, सहा सिलिंडर, १९९२ च्या आधीचं म्हणजे व्हॅनोस (कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) नसलेलं. माउंट झाले, गिअरबॉक्स बसला, प्रॉपशाफ्ट कापून बॅलन्स करून आणला, लोखंडाचं सगळं काम आटोपलं. आता गाडी अडलीय डोक्यापाशी, म्हणजे ईसीयूपाशी, पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरपाशी. इंजिनाबरोबर मूळचा मोट्रॉनिक ईसीयू मिळाला पण ज्याने इंजिन काढलं त्या महाभागाने हार्नेस (वायरींचा जुडगा) सोडवायचे कष्ट न घेता फायरवॉलपाशी कात्री चालवलीय.

मग आता काय करू? तोच ईसीयू ठेवून हार्नेस जोडू, का मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखं काहीतरी स्वतः जुळवू, का सरळ लिंक, हॅलटेक, मॅक्सईसीयू यांच्यातलं एखादं तयार स्टँडअलोन (मूळच्याऐवजी बसणारा, सगळं आपण सेट करायचा ईसीयू) घेऊन मोकळा होऊ? रोजची गाडी नाही, आठवड्यातून एक लांब फेरी आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे. टर्बो सध्या नाही. सोल्डरिंग जमतं, ट्यूनिंगचं ज्ञान शून्य.

टॉर्करेंच:
"टर्बो सध्या नाही" हे वाक्य मीही एकदा लिहिलं होतं.

जुनाजाणता:
मूळचा ईसीयू ठेव, डोळे झाकून. बॉशने पहिलं मोट्रॉनिक १९७९ मध्ये ७३२आय मध्ये दिलं, इंधन आणि इग्निशन एकाच डब्यात. तुझ्या इंजिनापर्यंत येईतो त्याच्यामागे दहा-बारा वर्षांचं काम झालं होतं. कडाक्याच्या थंडीत चालू होणं, उंचावर चालणं, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत सेल्फ मारला की पेटणं, हे सगळं त्यांनी खरोखरच्या हिवाळ्या-उन्हाळ्यात बसून जमवलंय. तू लॅपटॉप घेऊन किती हिवाळे बसणार?

शिवाय एवढ्या जुन्या एम५० ला इमोबिलायझरची (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी) भानगड नाही. पुढच्या मॉडेलांत ती आली आणि मग ईसीयू, चावी, रिसीव्हर असं सगळं एकाच गाडीतलं लागतं. तुझ्या ईसीयूला कायमचा बारा व्होल्ट, चावीचा बारा व्होल्ट, अर्थ, मेन रिले आणि पंपाचा रिले एवढं दिलं की बाकी सगळ्या वायरी इंजिनावरच फिरतात. ८८ पिनांचा कनेक्टर बघून घाबरू नकोस, त्यातल्या बऱ्याच रिकाम्याच असतात.

भुंगा:
जुनाजाणता, तुमचा आदर आहे पण हे जरा जास्तच होतंय. तीस वर्षांपेक्षा जुना डबा, आतले कपॅसिटर कोणत्या अवस्थेत आहेत देव जाणे, एअर मास मीटर तेवढंच जुनं, आणि काही बिघडलं तर तो तुम्हाला सांगणार काय, फार तर एक फॉल्ट कोड. स्टँडअलोनमध्ये प्रत्येक सेन्सर काय म्हणतोय ते लॉगमध्ये दिसतं. कॅम बदला, सहा वेगळ्या थ्रॉटल बॉड्या लावा, मूळ ईसीयूला एअर मीटर लावायला जागाच उरत नाही मग चिप जाळत (म्हणजे ईसीयूत नवा प्रोग्रॅम भरत) बसा. मी तेच केलं होतं, दोन चिपा झाल्यावर नाद सोडला.

जुनाजाणता:
त्याने सहा थ्रॉटल बॉड्या लावतोय असं कुठे लिहिलंय? तू तुझी गाडी त्याच्या धाग्यात पार्क करू नकोस :)

काळा_धूर:
सगळे प्रश्न मिटवायचे तर जुनं मेकॅनिकल पंपाचं डिझेल घाला. ना ईसीयू, ना सेन्सर, ना लॅपटॉप. पंपाच्या सोलेनॉइडला एक वायर दिली की झालं.

टॉर्करेंच:
यांना कोणीतरी वेगळा धागा काढून द्या रे.

मीटरवाली:
ब्रँड कोणता हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी कागद घे आणि इंजिनाला काय काय लागतं ते लिही, अर्धे पर्याय आपोआप गळतात. तुझ्या एम५० चं मी लिहून देते.

क्रँकवर ६०-२ ची चकती, म्हणजे साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन गायब, सेन्सर व्हीआर प्रकारचा, म्हणजे चुंबक आणि गुंडाळीवाला. हे बहुतेक सगळ्यांना वाचता येतं, इथे काळजी नाही. इंजेक्टर हाय इम्पिडन्स आहेत म्हणजे बारा ओहमच्या वरचे, तेही सोपं. दोन-तीन ओहमचे असते तर पीक अँड होल्ड (आधी जास्त, मग कमी करंट देणारे) ड्रायव्हर नाहीतर रेझिस्टर लावावे लागले असते. आयडल व्हॉल्व्ह तीन वायरींचा, त्याला दोन आउटपुट लागतात, हे लोक विसरतात आणि मग आयडलिंग का नाचतंय म्हणून महिनाभर टेबल (ईसीयूतले आकड्यांचे तक्ते) बदलत बसतात. नॉक सेन्सर (इंजिनाचा ठोका ऐकणारे) व्हॅनोस नसलेल्या इंजिनावर मूळचे नाहीत, लावून वापरायचे असतील तर ईसीयूत त्याचं सर्किट हवं.

आता कॉइल. प्रत्येक सिलिंडरला एक अशा सहा आहेत आणि त्यांच्या पोटात इग्नायटर नाही. कॉइलचा करंट तोडायचं काम ईसीयूच्या आत बसलेला ट्रान्झिस्टर करतो. स्वस्त आणि स्वतः जुळवायच्या बोर्डांचं इग्निशन आउटपुट बऱ्याचदा नुसता ५ व्होल्टचा सिग्नल असतो, तो थेट तुझ्या कॉइलला लावलास तर एकतर ठिणगी पडणार नाही नाहीतर बोर्ड जाईल. मधे इग्निशन मॉड्यूल घाल, किंवा आतच ड्रायव्हर असलेला ईसीयू घे.

सहासिलिंडर:
मीटरवाली ताई, बाप रे. कॉइलमध्ये इग्नायटर आहे की नाही हे कसं ओळखायचं? कोणी कॉइल बदलल्या असतील तर?

मीटरवाली:
मल्टिमीटर लाव. बारा व्होल्टची पिन आणि स्विचिंगची पिन यांच्यात एक ओहमच्याही आत रेझिस्टन्स दिसला की ती साधी कॉइल. आत इलेक्ट्रॉनिक्स असेल तर असा सरळ आकडा मिळत नाही. आणि ड्वेल, म्हणजे ठिणगीच्या आधी कॉइल किती वेळ भरायची, तो अंदाजे ठेवू नकोस. साधारण तीन मिलिसेकंदाच्या आसपास असतो पण कॉइलप्रमाणे बदलतो. जास्त झाला की कॉइल तापते आणि शांतपणे मरते.

आळशी_पिस्टन:
माझा बोर्ड असाच गेला. आता टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. दिसतो छान.

व्ही८वाला:
रच्याकने, इतर इंजिनवाल्यांसाठी माझी फजिती सांगतो. मी जीएमचं एलएस, म्हणजे व्ही८, बसवलं. इंजिन घेतलं एका ठिकाणाहून, ईसीयू दुसरीकडून, दोन्ही एलएसचेच म्हणून निवांत होतो. तर त्यात क्रँकच्या चकत्या दोन प्रकारच्या येतात, आधीच्या इंजिनांत २४एक्स आणि नंतरच्यांत ५८एक्स, आकडा म्हणजे एका फेऱ्यातल्या खुणा. इंजिन होतं पहिल्या जातीचं आणि ईसीयू दुसऱ्या. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली तरी एक ठिणगी नाही, मी आपला फ्यूज तपासतोय. चकती बदलायची तर क्रँक बाहेर काढावी लागते. शेवटी ईसीयू बदलला.

केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक (ड्राइव्ह-बाय-वायर) थ्रॉटल असेल तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि ईसीयू हे तिघं एकमेकांना ओळखणारे हवेत. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ४एल६०ई सारखा इलेक्ट्रॉनिक असेल तर त्यालाही कोणीतरी हुकूम देणारं लागतं, इंजिन पेटलं म्हणजे गाडी चालली असं नाही. हे सगळं विकत घ्यायच्या आधी विचारलं असतं तर हा प्रतिसाद लिहावा लागला नसता.

भुंगा:
मीटरवालींच्या यादीत भर. आउटपुट मोजा. स्पीडुइनोच्या नेहमीच्या बोर्डांवर चार इंजेक्टर आणि चार इग्निशन आउटपुट असतात. सहा सिलिंडरला मग इंजेक्टर जोडी-जोडीने आणि इग्निशन वेस्टेड स्पार्क, म्हणजे दोन कॉइल एकदम पेटवायच्या, त्यातली एक ठिणगी एक्झॉस्ट स्ट्रोकवर फुकट. चालतं व्यवस्थित. मेगास्क्वर्ट ३ ला त्याचा एक्स बोर्ड जोडला की आठापर्यंत इंजेक्टर क्रमाने उघडता येतात.

आळशी_पिस्टन:
मग क्रमाने उघडणारंच घ्यावं ना? ताकद वाढत असेल.

लॅम्डा_एक:
ताकद नाही वाढत. गणित करा. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र, म्हणजे क्रँकचे दोन फेरे, २० मिलिसेकंदांत होतं. पूर्ण लोडवर इंजेक्टर त्यातले सोळा-सतरा मिलिसेकंद उघडाच असतो. मग कधी उघडला याने फरक काय पडणार? फरक दिसतो तो आयडलला, ८०० आरपीएमला चक्र १५० मिलिसेकंदांचं आणि इंजेक्टर उघडतो दोन-तीन. तिथे वेळ साधली तर आयडलिंग मऊ होतं, धुराचा वास कमी होतो. मोठे इंजेक्टर लावले असतील तर जास्तच जाणवतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, मी हे काम बरीच वर्षं करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

ईसीयू निवडताना पहिला फोन ट्यून करणाऱ्याला करावा. तो ज्या सॉफ्टवेअरवर रोज बसतो तेच घ्यावं. माझ्याकडे लोक डबा आधी घेऊन येतात, सगळं वायरिंग करून, आणि मग विचारतात की हे येतं का तुम्हाला. येतं, पण शिकण्याचे तास तुमच्या गाडीवर जातात. स्वतःच करणार असाल तर उलटं, ज्याचे वापरणारे जास्त आणि चर्चा जास्त ते घ्या. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो आणि रुसईएफआय तिघांनाही ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर चालतं त्यामुळे एक शिकलात की दुसरं परकं वाटत नाही.

दुसरं म्हणजे वाइडबँड लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) नसेल तर स्टँडअलोनच्या वाटेला जाऊ नका. आणि एकदा लावला की तो तापवल्याशिवाय एक्झॉस्टमध्ये ठेवून गाडी चालवू नका, काजळी बसून मरतो.

तिसरं, ऑटोट्यून नावाच्या बटणावर आंधळा भरवसा नको. इंजेक्टरचा फ्लो आणि डेड टाइम आधी बरोबर भरा. डेड टाइम म्हणजे करंट दिल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंतचा वेळ, साधारण एक मिलिसेकंद, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वाढतो. तो चुकला की हेडलाईट लावल्याबरोबर मिश्रण बदलतं आणि माणूस इंधनाच्या टेबलात चूक शोधत बसतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल किंवा एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तर सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो, मिसफायर आणखी वाढतं, तो आणखी पेट्रोल वाढवतो. प्लग काळे होऊन आले की समजायचं ऑटोट्यून मनापासून काम करतंय.

आणि थंड इंजिन चालू होण्याचं ट्यूनिंग दिवसातून एकदाच करता येतं. सकाळी एक प्रयत्न, चुकला तर इंजिन गरम झालं, आता उद्या. पूर्ण लोडचं टेबल डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) एका दिवसात होतं, थंडीतलं चालू होणं दोन महिने पुरतं. जुनाजाणता हिवाळ्यांबद्दल बोलले त्यात तथ्य आहे.

जुनाजाणता:
धन्यवाद. प्रिंट काढून भिंतीवर लावतो.

भुंगा:
बरं, मान्य. पण निदान एअर मीटरपासून तरी सुटका करून घ्या की. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) लावा, स्पीड डेन्सिटीवर, म्हणजे दाब आणि आरपीएमवरून हवा काढून चालवा, आधुनिक पद्धत.

जुनाजाणता:
आधुनिक? बॉशचं डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये आलं, त्यातला डी म्हणजे जर्मनमधला द्रुक, दाब. मॅनिफोल्डचा दाब मोजूनच पेट्रोल सोडायचं. त्यानंतर १९७४ च्या एल-जेट्रॉनिकमध्ये थेट हवा मोजायला लागले. एल म्हणजे लुफ्ट, हवा. एअर मीटरचा फायदा असा की इंजिन थोडं झिजलं, एक्झॉस्ट बदलला, तरी आलेली हवा तो खरी मोजतो. दाबाच्या पद्धतीत ईसीयू हवेचा अंदाज करतो, इंजिन बदललं की तुझं टेबल खोटं.

लॅम्डा_एक:
दोघंही बरोबर. आणि भुंगा, तुमच्या सहा थ्रॉटल बॉड्यांना तर दाबही धड मिळत नाही, थोडं उघडलं की मॅनिफोल्ड वातावरणाच्या दाबाजवळ जातो. तुम्ही थ्रॉटलच्या कोनावर चालवत असणार.

भुंगा:
हो. आणि उंचावर गेलो की बॅरोमीटरची दुरुस्ती लागते, नाहीतर सायलेन्सरमधून फटाके. असू दे आता.

नटबोल्ट:
मंडळी, तुम्ही डोक्याचं बोलताय पण पोटाचं कोणी बोललंच नाही. गाडी कार्ब्युरेटरची आहे ना? तिचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो. इंजेक्शनला तीन ते साडेतीन बार लागतो. म्हणजे नवा पंप, जास्त दाबाचे पाइप, त्याच दर्जाचे क्लॅम्प, टाकीपर्यंत रिटर्न लाइन. जुन्या टाकीत आतले पडदे नसतात, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठा असतो म्हणून तिथे कळत नाही, इंजेक्शनमध्ये लगेच आचका बसतो आणि तोही नेमका भर वळणात. ट्रॅकवर जाणार असशील तर सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल साठवणारी छोटी टाकी) लावच.

आणि पंप थेट चावीच्या स्विचवर जोडू नकोस. क्रँक फिरतेय हे दिसलं तरच ईसीयूने पंपाचा रिले धरला पाहिजे. अपघातात पाइप फुटला आणि पंप चालूच राहिला तर काय होईल याचा विचार कर.

आळशी_पिस्टन:
पिगीबॅक कोणी सुचवला नाही अजून?

लॅम्डा_एक:
पिगीबॅक मूळ ईसीयूला सेन्सरचे खोटे आकडे ऐकवतो. इथे मूळ ईसीयूच अजून जिवंत आहे का माहीत नाही, त्याच्याशी खोटं काय बोलायचं.

कागदीघोडा:
एक कोरडा मुद्दा. जिथे तपासणीत ओबीडी (ईसीयूतले दोष वाचायच्या) पोर्टला यंत्र लावून बघतात तिथे बरेचसे स्टँडअलोन नापास होतात कारण त्या यंत्राला हवी तशी उत्तरं ते देत नाहीत. हे इंजिन ओबीडी-२ च्या आधीचं आहे म्हणून कदाचित फक्त धूर तपासतील, पण आपल्याकडचा नियम गाडीच्या वर्षाने लागतो का इंजिनाच्या हे आधी विचारा.

सहासिलिंडर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता आधीपेक्षा जास्त गोंधळलोय पण वेगळ्या पातळीवर :)

मीटरवाली:
मग गोंधळ कमी करते. इंजिन चालू अवस्थेत ऐकलंयस का कधी? नसशील तर आधी मूळ ईसीयूवर पेटव. कायमचं ठेव असं म्हणत नाही. पण अनोळखी इंजिन, नवीन वायरिंग, नवीन ईसीयू आणि नवशिका ट्यूनर हे चारही एकत्र आले की दोष कुणाचा ते कळतच नाही. मूळ डब्यावर नीट चाललं तर इंजिन बरं, सेन्सर बरे, पेट्रोल बरं, एवढं पक्कं. मग पुढे काय लावायचं ते लाव, चुकलं तर नवीन डब्यातच चुकलं असणार.

आणि हार्नेस जोडताना सेन्सरचे अर्थ बॉडीला ठोकू नकोस, ते ईसीयूच्या सेन्सर अर्थवरच जायला हवेत. बॉडीवरून स्टार्टर, पंखा, पंप सगळ्यांचा करंट परततो, तापमान सेन्सरचा आकडा पंखा लागला की उडी मारेल. क्रँक सेन्सरच्या वायरीवरची जाळी एकाच टोकाला अर्थ कर, ईसीयूच्या बाजूला.

टॉर्करेंच:
मीटरवाली +१. वाचनखूण साठवली.

सहासिलिंडर:
तीन महिन्यांनी धागा वर काढतोय.

मूळ मोट्रॉनिकवरच गेलो. कापलेल्या वायरी एकेक रंग जुळवून जोडल्या, तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सेल्फ मारला, दुसऱ्या फेऱ्यात पेटलं आणि मी अक्षरशः गॅरेजभर नाचलो. मग लक्षात आलं की इंजिनही नाचतंय, आयडल सहाशे ते चौदाशे वरखाली, रेस सोडली की हुंदके देऊन बंद. आयडल व्हॉल्व्ह साफ केला, तापमान सेन्सर बदलला, काही नाही. शेवटी नटबोल्ट दादांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं म्हणून एअर मीटर आणि थ्रॉटलच्या मधली रबरी नळी काढून वाकवून बघितली, घड्यांच्या आत बोटभर चीर! बाहेरून काही दिसत नव्हती. मीटरच्या मागून न मोजलेली हवा आत येत होती. नळी बदलली, आयडल जागेवर.

मीटरवाली ताई, तुमचं ऐकलं नसतं तर मी त्या चिरेसकट आयडलचं टेबल ट्यून करत बसलो असतो. आता दोनेक हजार किलोमीटर झालेत, सकाळी पहिल्या फटक्यात चालू होते. स्टँडअलोनचा विचार पुढच्या वर्षावर टाकलाय.

टॉर्करेंच:
पुढच्या वर्षी का? तेव्हा काय आणताय?

सहासिलिंडर:
गप रे.

आचकेबाज:
हा धागा वाचूनच मी स्टँडअलोन लावला, माझ्या चार सिलिंडरला, ६०-२ च आहे. चालू होते, आयडल छान, पण तीन हजारांच्या वर गेलं की फटफट करते आणि सिंक (क्रँकच्या स्थितीशी जुळणी) गेल्याचा एरर येतो. टायमिंग लाईट लावला तर सॉफ्टवेअरमध्ये दहा अंशांवर लॉक करूनही आरपीएम वाढवला की खूण सरकत जाते.

मीटरवाली:
व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. ईसीयू दात्याची चुकीची कड वाचतोय. वायरींची अदलाबदल कर किंवा सेटिंगमध्ये कड बदल, आणि मग टायमिंग लाईटने आयडलपासून वरपर्यंत परत बघ. खूण हलता कामा नये. हे झाल्याशिवाय टेबलाला हात लावू नकोस.

आचकेबाज:
वायरी बदलल्या. खूण खिळल्यासारखी उभी आहे. ताई, दंडवत.

नवखा_क्लच:
माझ्याकडे डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो इंजिन आहे, पेट्रोल. त्याला स्पीडुइनो चालेल का?

लॅम्डा_एक:
नाही. त्या इंजेक्टरांना उघडताना साठ-पासष्ट व्होल्टचा झटका लागतो, रेलमध्ये दाब दोनशे बारच्या घरात, आणि तो दाब राखणारा पंप कॅमबरोबर वेळ जुळवून चालवावा लागतो. साध्या बोर्डावर हे काही नाही. एकतर मूळ ईसीयू इमोबिलायझरसकट सांभाळा, नाहीतर थेट इंजेक्शनचे ड्रायव्हर असलेले मोजके महागडे ईसीयू बघा. इंजिनाचा कोड, गिअरबॉक्स कोणता आणि हार्नेस अखंड आहे की कापलेला, हे लिहून वेगळा धागा काढा.

नवखा_क्लच:
हार्नेस कापलेला आहे.

सहासिलिंडर:
कात्री एकच दिसतेय.